आजोबांच्या बहिणीचं सासर कसं शोधावं? (वडोदरा ते ग्वाल्हेर)

दांडियाबाजारकर, वडोदरा

नमस्कार. आम्ही मूळचे वाई तालुक्यातले. पणजोबा सयाजीरावांच्या काळात बडोद्याला खानगी खात्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. आजोबांना एकच बहीण, मथुरा. घरात सगळे मथू म्हणायचे. 1937 च्या सुमारास तिचं लग्न ग्वाल्हेरला झालं. सासरचं आडनाव मात्र आज कुणालाच माहीत नाही. 1957 साली पणजोबा गेले, दोन वर्षांत आजोबाही गेले आणि बाबा मामांकडे अहमदाबादला वाढले. तिथे आत्याचं नाव काढणारं कोणी नव्हतं.

बाबा आता ऐंशीचे आहेत. आत्या त्यांच्या मुंजीला आली होती, तिच्या हनुवटीवर गोंदण होतं, एवढं त्यांना आठवतं. तिची मुलंबाळं कुठे असतील, हे मला त्यांच्या हयातीत शोधायचं आहे.

आजोबांच्या ट्रंकेत एक पोस्टकार्ड मिळालं. शिक्का लष्कर (ग्वाल्हेर शहराचा एक भाग) इथला, 1951 चा. वर ‘श्री’, खाली बारीक अक्षरात चार ओळी: ओवाळणीची मनिऑर्डर पोचली, वहिनींची तब्येत कशी आहे ते कळवावे, इकडे बदलीचे बोलणे चालू आहे. सही ‘उमा’. पत्ता नाही. आमच्या घरात उमा नावाचं कोणीच नव्हतं. हे कार्ड कुणाचं असावं? आणि पुढे कुठे शोधायचं?

वाडीतले काका, वडोदरा

ताई, भाऊबीजेची ओवाळणी मनिऑर्डरने बहिणीलाच जाते. उमा म्हणजे तुमची मथूच. लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत आपल्याकडे घरोघर होती, त्यामुळे यापुढे ‘मथुरा’ नावाने ग्वाल्हेरात शोधू नका.

आता मुख्य गोष्ट. गावाकडे जमीन होती का? असेल तर ग्वाल्हेरच्या आधी वाई गाठा. पणजोबा 1957 साली गेले, हे फार महत्त्वाचं आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना बापाच्या वाट्यात हिस्सा मिळाला. म्हणजे त्यांच्या वारसांची नोंद करताना मुलीचं नाव यायला हवं, आणि तेही सासरच्या पूर्ण नावाने. तलाठ्याकडे गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही आणि 6-क म्हणजे वारस नोंदवही. जुन्या वह्या बहुधा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. पणजोबांचं नाव, गाव आणि मृत्यूचं साल लिहून नकलेचा अर्ज करा.

तिथे बहिणीचं नाव नसेल तर हक्कसोडपत्र शोधा. त्या काळी भावासाठी बहिणी सर्रास हक्क सोडत. कागद नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधकाच्या सूचीत सापडतो. माझ्या आजीच्या बहिणीचा पत्ता आम्हाला असाच लागला. नाव, नवऱ्याचं नाव, वय, ‘धंदा घरकाम, रा. धार’ आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. जिच्याकडून हक्क लिहून घेतला, तिचं पूर्ण नाव त्या एकाच कागदावर राहिलं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण धारला तिची नातवंडं भेटली ती त्याच कागदामुळे.

ट्रंक पुन्हा नीट उपसा. लग्नखर्चाची वही, आहेराची यादी, याद्यांचा कागद, काहीही चालेल. आहेराच्या यादीत व्याह्यांचं आडनाव हमखास असतं.

लष्करची सून, ग्वाल्हेर

‘बदलीचे बोलणे’ हे शब्द वाचून थांबले. तुमच्या आत्याआजींचे यजमान सरकारी नोकरीत असणार. 1948 साली मध्य भारत झाला तेव्हा राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर असायची. 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेश झाला आणि सचिवालय भोपाळला गेलं. इथली कितीतरी मराठी घरं तेव्हा हलली. माझ्या सासऱ्यांचे दोन्ही काका तसेच भोपाळला गेले. म्हणून आडनाव मिळालं की फक्त ग्वाल्हेरात शोधू नका, इंदूर आणि भोपाळच्या मराठी मंडळींतही विचारा. लष्करमध्ये मी विचारेन, आडनाव तेवढं कळवा.

आडनावाबरोबर त्यांचं मूळ गावही कळलं तर नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या बघता येतील. तिथे मूळ गाव आणि आडनावावरून पानं काढतात, आणि आलेला माणूस बाप, आजा, भाऊ, मुलगे, राहण्याचं ठिकाण, सगळं सहीनिशी लिहून जातो. तुमच्या आत्याआजींचे यजमान किंवा मुलगे कधी अस्थी घेऊन गेले असतील तर त्या वेळचा मुक्काम कळेल.

दांडियाबाजारकर

दोघांचेही मनापासून आभार. उमा म्हणजेच आत्या असणार, हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते कार्ड मागून घेतलं आणि बराच वेळ वाचत बसले. गावी भाऊकीत फोन केला. जमीन अजून आहे, चुलत घराणं कसतं. त्यांनी जुन्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला. त्यात पणजोबांचं नाव कंसात आहे. फेरफाराचा क्रमांक कुठे बघायचा?

वाडीतले काका

कंसात म्हणजे ते नाव कमी झालं. त्याच्या आसपास वर्तुळात आकडा असेल, तोच फेरफार क्रमांक. अर्जात तो घाला, शोध सोपा होतो. 1957 ची नोंद बाळबोध अक्षरात मिळेल असं वाटतं. त्याआधीचं काही मोडी लिपीत निघालं तर फोटो इथे टाका, मी वाचून देतो.