शाब्दिक उदाहरणावरून समीकरण मांडताना मुलगी अडते; तिला काय सांगावे?

प्रश्न (दहावीतील मुलीची आई, गिरगाव)

नमस्कार. माझी मुलगी राज्य मंडळाच्या दहावीत असून बीजगणिताचे पहिले प्रकरण, म्हणजे दोन चलांतील रेषीय समीकरणे, तिचे शिकून झाले आहे. समीकरणे दिलेली असली की ती चलाचा लोप करून, आलेख काढून किंवा क्रेमरच्या निश्चयकांनी ती अचूक सोडवते. परंतु तेच उदाहरण वाक्यांत आले की पहिल्याच ओळीत चूक होते. दोन नमुने देते.

‘एका पाकिटात दहा व वीस रुपयांच्या मिळून ३५ नोटा असून त्यांची एकूण रक्कम ५०० रुपये आहे’ या उदाहरणात तिने क्ष + य = ३५ हे बरोबर लिहिले, पण दुसरे समीकरण क्ष + य = ५०० असे मांडले. ‘आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे आणि बारा वर्षांनी ते दुप्पट होईल’ यात ३क्ष + १२ = २क्ष + १२ असे लिहून मुलीचे वय शून्य काढले आणि ती पुढच्या उदाहरणाकडे वळली. मला उत्तरे काढता येतात. मात्र समीकरण सुचते कसे, हे तिला समजावून सांगता येत नाही. ‘वाक्य नीट वाच’ यापलीकडे काय सांगावे?

उत्तर (गणिताचे शिक्षक, दादर)

ताई, दोन्ही चुका वेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे: क्ष म्हणजे नेमके काय, हे ठरलेले नाही. ‘क्ष = दहाच्या नोटा’ एवढेच लिहिले, तर ती नोटांची संख्या आहे की त्या नोटांची रक्कम आहे हे मोकळे राहते; मग पहिल्या समीकरणात क्ष संख्या असतो आणि दुसऱ्यात नकळत रक्कम होतो. म्हणून ‘दहा रुपयांच्या नोटांची संख्या क्ष मानू’ असे पूर्ण वाक्य लिहिल्याशिवाय मी वर्गात कोणालाही पुढे जाऊ देत नाही. त्यानंतर समीकरणाच्या दोन्ही बाजूंखाली एकक लिहायला सांगतो. ५०० खाली ‘रुपये’ आणि क्ष + य खाली ‘नोटा’ असे आले की, समीकरण सोडवायला घेण्याआधीच चूक उघडी पडते.

याहूनही उपयोगी वाटते ते असे: तिला आधी एखादे उत्तर अंदाजाने धरू द्या आणि ते तपासायला सांगा. दहाच्या ३० आणि विसाच्या ५ नोटा असतील तर रक्कम किती होईल? ती ४०० म्हणेल. हे ४०० कसे काढले, ते तिने लिहून दाखवावे: १० × ३० + २० × ५. आता ३० च्या जागी क्ष, ५ च्या जागी य आणि ४०० च्या जागी ५०० लिहिले की १०क्ष + २०य = ५०० हे समीकरण तिच्या हातून तयार झालेले असते. अंदाज चुकीचा असला तरी तो तपासण्याची कृती बरोबर असते आणि तीच कृती अक्षरांत लिहिणे म्हणजे समीकरण मांडणे. उत्तर दहाच्या २० आणि विसाच्या १५ नोटा असे येते. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांनी सांगितलेल्या इष्टकर्माची सुरुवातही मनाने धरलेल्या संख्येपासूनच होते, आणि एकाहून अधिक अज्ञात राशी असतील तर त्यांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी वेगवेगळी नावे देण्याची रीत त्यांच्या बीजगणितात आहे.

वयाच्या उदाहरणासाठी ‘आज’ आणि ‘बारा वर्षांनी’ असे दोन रकाने आखून घ्या. मुलीच्या ओळीत क्ष आणि क्ष + १२, आईच्या ओळीत ३क्ष आणि ३क्ष + १२ येईल. ‘दुप्पट’ हा शब्द दुसऱ्या रकान्यातील मुलीच्या संपूर्ण वयाला लागू आहे, म्हणून कंस हवाच: ३क्ष + १२ = २(क्ष + १२). मुलगी १२ वर्षांची, आई ३६ वर्षांची.

उत्तर (हिशेबनीस, मुलुंड)

सरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. नोटा आणि वये यांपलीकडे जाऊन मुलीला रोजचे दर समीकरणात मांडायला द्यावेत, कारण तिथे दरपत्रकाचा अर्थ लावावा लागतो. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७.१४ रुपये आहे. माझ्या पुतण्याला मी क्ष किलोमीटरचे भाडे लिहायला सांगितले, तेव्हा त्याने २६ + १७.१४क्ष असे लिहिले. त्याने पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे दोनदा घेतले होते. योग्य मांडणी २६ + १७.१४(क्ष − १.५) अशी असून ती अंतर दीड किलोमीटर किंवा त्याहून अधिक असेल तेव्हाच लागू पडते. आठ किलोमीटरसाठी पहिल्या मांडणीने सुमारे १६३ रुपये येतात, तर दुसरीने सुमारे १३७ (थांबण्याचा आकार आणि रात्रीची वाढ धरलेली नाही). प्रश्न उलटा करून ‘शंभर रुपयांत किती दूर जाता येईल’ असेही विचारता येते: २६ + १७.१४(क्ष − १.५) = १००, म्हणजे क्ष साधारण ५.८ किलोमीटर.

उत्तर (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, विलेपार्ले)

काकू, पडताळा समीकरणात न घेता मूळ वाक्यात घ्यायला तिला सांगा. तिने काढलेले शून्य हे उत्तर तिच्या समीकरणात अगदी बरोबर बसते, कारण चुकीचे समीकरणही आपल्या उत्तराला खरेच ठरवते. मुलीचे वय शून्य असेल तर तिप्पट असलेले आईचे वयही शून्य होते, हे वाक्याकडे परत गेल्याशिवाय दिसत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. अंदाज धरून तपासण्याची रीत तिला लगेच समजली. आता पुढची अडचण आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते ठाणे हे अंतर ३४ किलोमीटर धरून तिच्या मैत्रिणीने एक उदाहरण रचले: टर्मिनसहून एक गाडी ताशी सरासरी ३८ किलोमीटर वेगाने ठाण्याकडे निघाली आणि ठाण्याहून दुसरी गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने दहा मिनिटे उशिरा टर्मिनसकडे निघाली, त्या कधी भेटतील? दोन्ही गाड्या एकाच वेळी निघाल्या तर अर्धा तास लागतो, हे तिने काढले. दहा मिनिटांपाशी मात्र ती थांबली आहे.

उत्तर (गणिताचे शिक्षक, दादर)

एकाच वेळी निघाल्या तर भेट टर्मिनसपासून १९ किलोमीटरवर, म्हणजे घाटकोपरच्या आसपास होते. गाडीचे उदाहरण असे नकाशावर ठेवून पाहावे. उशिराच्या उदाहरणात पहिली गाडी भेटीपर्यंत ‘त’ तास धावली असे मानू. दुसरी दहा मिनिटे कमी धावली, पण वेग तासाचा असल्यामुळे ‘त − १०’ असे लिहिता येणार नाही. दहा मिनिटे म्हणजे १/६ तास, म्हणून तिचा वेळ त − १/६. दोघींनी कापलेली अंतरे मिळून ३४ किलोमीटर होतात, म्हणून ३८त + ३०(त − १/६) = ३४. यावरून ६८त = ३९ आणि त = ३९/६८ तास, म्हणजे ३४ मिनिटांहून थोडा अधिक. एका गाडीला उशीर झाल्यामुळे हा वेळ तीस मिनिटांहून जास्त यायला हवा होता. दुसरी गाडी अजिबात निघालीच नसती तर पहिलीला ठाणे गाठायला सुमारे ५४ मिनिटे लागली असती, म्हणून त्याहून कमीही यायला हवा होता. या दोन मर्यादा तिने उदाहरण सोडवण्यापूर्वीच वहीच्या समासात लिहून ठेवाव्यात.