सत्य शोधायचं काम गावाचं की एकट्याचं?

सदाफुली
तनाख म्हणजे यहुद्यांचं बायबल. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायातला प्रसंग. माळावर प्रेत सापडलंय, मारेकरी कोण ते कळत नाही. मग आजूबाजूच्या गावांपर्यंतचं अंतर मोजायचं. जे सर्वांत जवळचं निघेल, त्या गावाच्या वडीलजनांनी कधी जुवाला न जुंपलेली कालवड वाहत्या ओढ्याशी न्यायची, तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि म्हणायचं, हे रक्त आमच्या हातांनी सांडलेलं नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पुढे मिश्नाने, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहाने, विचारलं, वडीलजनांवर कुणाचा संशय होता का? तसं नाही. त्यांना एवढंच सांगायचंय की हा माणूस आमच्या दारी आला आणि आम्ही त्याला उपाशी, सोबतीविना वाटेला लावलं, असं झालेलं नाही.

आपल्याकडे असं प्रकरण ‘अज्ञात इसमाविरुद्ध’ म्हणून फायलीत जातं. तिथे सगळ्या गावाला उत्तर द्यावं लागतं. तनाखमधलंच लेवीय पुस्तक (५:१) तर माहीत असून गप्प बसणाऱ्या साक्षीदारालाही दोषी धरतं. माझ्या मते तनाखमध्ये सत्य शोधणं ही अख्ख्या वस्तीची जबाबदारी आहे, एकट्या राजाची नाही. पटतंय?

खडूस वकील
कालवडीने काय घोडं मारलं होतं, हे बाजूला ठेवतो. पण नाबोथला विसरलात? १ राजे २१. अहाब राजाला राजवाड्यालगतचा द्राक्षमळा हवा होता, नाबोथ वडिलोपार्जित जमीन सोडेना. त्याच्या राणीने, ईजबेलने, राजाच्या नावाने इज्रेलच्या वडीलजनांना पत्रं धाडली. उपास पुकारला, सभा भरली, नियमाप्रमाणे दोन साक्षीदारही उभे राहिले. दोघेही बदमाश. नाबोथला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं. कागदोपत्री सगळं चोख! एकाही वडीलजनाने तोंड उघडलं नाही. राजाला तोंडावर सुनावलं ते एकट्या एलीया संदेष्ट्याने, आणि तो काही इज्रेलच्या सभेतला नव्हता.

रेवदंड्याचा
आमच्या बेने इस्रायल (कोकणातले मराठी यहुदी) घरांत मलिदा, म्हणजे आभाराचा विधी, एलियाहू हन्नावीच्या, म्हणजे याच एलीया संदेष्ट्याच्या, नावाने होतो, त्यामुळे एलीया निघाला की मी येणारच. वकीलसाहेब, मुद्दा बिनतोड. पण ही लाज लिहून जपली कुणी? त्याच समाजाने. वडीलजनांची नामुष्की गाळता आली असती की.

आणि यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २६ वा अध्याय बघा. यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त होईल असं तो मंदिराच्याच अंगणात बोलला. याजक आणि संदेष्टे म्हणाले, याला मृत्युदंड द्या. सरदार आणि लोक म्हणाले, नाही. मग काही वडीलजन उठले आणि त्यांनी जुना दाखला काढला, की हिज्कीया राजाच्या काळात मीखा संदेष्टाही हेच बोलला होता, त्याला कुणी मारलं का? वेशीवर बसणाऱ्यांची आठवण शाबूत होती म्हणून माणूस वाचला.

खडूस वकील
त्याच अध्यायात थोडं खाली वाचा. उरीया नावाचा दुसरा संदेष्टा अगदी हेच बोलला. मिसरात पळाला, तिथून धरून आणला, यहोयाकीम राजाने तलवारीने मारला. यिर्मयाच्या पाठीशी अहीकाम होता, बडं घराणं. दाखला ठीक, पण वशिला विसरू नका.

चिंचपोकळी लोकल
सलाफहादच्या पाच मुली? (गणना २७.) मोशेसमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाचा वाटा मागितला आणि कायदा बदलून घेतला.

खडूस वकील
आणि ३६ व्या अध्यायात कुळातले पुरुष तक्रार घेऊन आले, मग लग्न बापाच्याच वंशात करा अशी अट पडली.

सदाफुली
अट पडली, पण हक्क गेला नाही. एलीयाबद्दल मान्य, समूह आंधळा होतो तेव्हा एकटाच बोलतो. म्हणून तर निर्गम २३:२ बजावतं की दुष्कर्मात जमावाच्या मागे जाऊ नकोस. पण हे बजावलंय त्याच जमावातल्या माणसाला ना?

खडूस वकील
तुमच्या मिश्नातच आहे, खुनी वाढले तेव्हा कालवडीचा विधी बंद पडला.

रेवदंड्याचा
कारण तो मारेकरी अज्ञात असतानाच लागू होता. भाष्यकार म्हणतात, तोवर खुनी उघड माहीत झाले होते.

खडूस वकील
नाव माहीत, तरी मोकळे. मग हात कसले धुवायचे?

सदाफुली
धुवायचे नाहीतच. माहीत असताना ‘आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही’ म्हणणं खोटं ठरलं असतं.