कूलर लावण्याआधी: इंदूरच्या आपल्या सोसायटी ग्रुपवर

सचिव: रंगपंचमी झाली, ऊन तापायला लागलं. रविवारी सकाळी कूलर-एसीचे दोन कारागीर येताहेत. कुणाचं काय काम आहे ते इथेच लिहा, म्हणजे सामान आदल्या दिवशी आणून ठेवता येईल.

बी-३०४: आमच्या कूलरचा पंखा जोरात आहे, पण हवा गार येत नाही. हनीकोंब (बाजूंच्या कागदी जाळ्या) बदलायचं का? दोनच उन्हाळे झालेत.

ए-१०२: ताई, लगेच बदलू नका. पंखा बंद ठेवून नुसता पंप चालू करा आणि दहा मिनिटांनी तिन्ही बाजू बघा. हनीकोंब वरून खालपर्यंत सारखं ओलं झालं पाहिजे. उभे कोरडे पट्टे दिसले तर लू तिथूनच सरळ घरात येते. दोष बहुतेक वेळा वरच्या पाण्याच्या नळीत असतो, तिची भोकं क्षाराने बुजतात. जाड सुईने मोकळी करा, नळी उलटी धरून आतला चुरा झटकून टाका.

बी-३०४: आणि हनीकोंबवर पांढरा थर बसलाय तो?

ए-१०२: कोमट पाण्यात लिटरला साधारण ५० ग्रॅम लिंबूसत (सायट्रिक ॲसिड) घालून त्यात अर्धा तास बुडवा. मग पाण्याची हलकी धार सोडा, ब्रशने घासू नका. संडासाचं ॲसिड तर अजिबात नको, त्याने कागद खचतो आणि पत्रा गंजतो. धुतल्यावरही कागद बोटाने दाबला की चुरत असेल तर मात्र नवीन घ्या. गवताच्या जाळ्या असतील त्यांनी दरवर्षी बदलाव्याच. जुनं गवत खाली बसतं, वर फट पडते.

सी-२०१: काका, आमचा पंप नुसता घुंऽऽ करतो, पाणी चढत नाही.

ए-१०२: पंपातली पंखुडी, म्हणजे पाणी ढकलणारं छोटं चाक, अडकलीय. प्लग काढा, पंपाचं खालचं झाकण उघडा, पंखुडी बाहेर काढून त्याच लिंबूसताच्या पाण्यात ठेवा. तशीच आवाज करत चालू ठेवली तर वाइंडिंग (मोटरची तांब्याची गुंडाळी) जळतं. टाकी कोरडी असताना पंप चालवला तरी हेच होतं.

एक मुद्दा सगळ्यांसाठी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून कूलरमध्ये आपण बोरिंगचं ओततो. ते जड आहे. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. ४० लिटरची टाकी रिकामी न करता पाच वेळा भरली की खालच्या पाण्यात क्षार जवळपास पाचपट. वरून पाणी ओतत राहणं हेच हनीकोंब लवकर मरण्याचं कारण. आठवड्यातून एकदा खालचं बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करा आणि आतल्या भिंती घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी फेकून ती जात नाहीत.

डी-४०३: पंखा हळू फिरत असेल तर? मोटर बदला म्हणतात.

ए-१०२: आधी कपॅसिटर बदला, मोटरला जोर देणारा छोटा डबा असतो तो. जुन्यावर जितके मायक्रोफॅरॅड (त्याचं माप) लिहिलेत तितकाच घ्या, मोठा लावून वेग वाढत नाही, मोटर तापते. बुशची मोटर असेल तर मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, खायचं तेल नको, ते चिकट होऊन बसतं.

सी-२०१: कूलरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिणतं. स्लिपर घालून पाणी भरतो आम्ही.

बी-१०१: वहिनी, तो कूलर आत्ता बंद करा. स्लिपर हा उपाय नाही. पंपाची वायर कापलेली असेल किंवा अर्थिंग नसेल. तीन पिनांचा प्लग आणि तीन तारांची वायर हवी, हिरवी तार पत्र्याला बोल्टने घट्ट. बाजारातल्या पुष्कळ पंपांना दोनच तारा असतात, म्हणून बॉडीची अर्थिंग वेगळी तपासून घ्या. घरच्या बोर्डात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की बंद पडणारा स्विच) असेल तर महिन्यातून एकदा त्याचं टी बटण दाबून बघा, तो पडलाच पाहिजे. आणि पाणी भरताना सगळ्यांनीच प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

ए-३०१: एसीवाला दरवर्षी गॅस कमी झाला म्हणून भरून जातो. खरंच संपतो का?

बी-१०१: नाही दादा. गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. आधी फिल्टर आणि आतली कॉइल धुऊन घ्या, बाहेरच्या युनिटच्या पत्र्या पाण्याने साफ करा. धूळ बसली तरी गारवा असाच कमी होतो, आतल्या कॉइलवर बर्फही जमतो. तरीही गार नाही झालं तर नळ्यांच्या जोडांना साबणाचा फेस लावून बघायला सांगा. जोडापाशी तेलकट डाग असेल तर तिथेच गळती. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय गॅस भरू देऊ नका आणि गॅस काट्यावर तोलून भरायला सांगा, वजन युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. आर-३२ हा एसीचा गॅस पेट घेऊ शकतो, खिडक्या उघड्या ठेवा.

बी-३०४: कूलर लावताना खिडकी बंद ठेवायची ना? गार हवा बाहेर जाते.

ए-१०२: उलट. समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. बाहेर ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २८च्या आसपास हवा देतो, पण ती ओल बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली दमट होते. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की ३५ अंशातही कूलर फार तर ३०पर्यंत आणतो, वर चिकचिक. तेव्हा टाकी कोरडी करून झाकून ठेवा. एसीच्या खोलीत कूलर कधीच लावू नका.

सचिव: मग यादी अशी. बी-३०४ला नळीची सफाई, सी-२०१ला तीन तारांची वायर आणि अर्थिंग तपासणी, डी-४०३ला कपॅसिटर, ए-३०१ची गळती. डी-४०३, जुन्या कपॅसिटरचा फोटो टाका, नंबर बघून आणतो. अर्धा किलो लिंबूसत सोसायटीच्या खात्यातून.