प्रति: कायदा तलाठ्यापुरताच?

"कायदा तलाठ्यापुरता, मंत्र्याला कोण हात लावतो?" हे वरचं म्हणणं अर्धंच खरं. आमच्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील १९८६ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून गेले, ते डॉक्टरकीच्या एमडी परीक्षेतल्या गुणवाढ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर. वडील सांगतात, तेव्हा स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा गार व्हायचा, पण पेपर कुणी खाली ठेवत नव्हतं.

आता मात्र अवघड झालंय. २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ आलं. पदावर बसून घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची, तर आधी सरकारचीच परवानगी! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. लाच घेताना जागेवर धरलं तर परवानगी लागत नाही म्हणे. पण पाकीट घ्यायला मंत्री स्वतः कधी येतो का?