मदत हवी आहे : पावसाच्या पाण्यावरील संशोधन अभियंत्यांपर्यंत आणि रहिवाशांपर्यंत कसे पोहोचवावे? (सोलापूर)

नमस्कार,

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एक नाला आणि त्याला मिळणारी गटारे यांचा अभ्यास मी पदव्युत्तर प्रबंधासाठी केला. प्रबंध सादर झाला आहे. परंतु ज्यांना त्याचा उपयोग व्हावा ते कनिष्ठ अभियंते, रस्त्यांची कामे घेणारे ठेकेदार आणि ज्यांच्या घरात पाणी शिरते ते रहिवासी यांपैकी कोणी तो जाडजूड इंग्रजी प्रबंध वाचेल असे वाटत नाही, आणि तशी अपेक्षा करणेही रास्त नाही.

सोलापुरात वर्षाचा सरासरी पाऊस तसा कमीच असतो. त्यामुळे या दुष्काळी भागात पाणी तुंबण्याची चर्चा कशाला, असे मला अनेकदा ऐकावे लागते. गटाराचा आकार मात्र पाऊस किती जोराने पडतो यावर ठरतो. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका हेक्टरवर ५ लाख लिटर पाणी पडते. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन सुरुवातीचे पाणी पिऊन घेते. पुढे ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरणे जवळपास थांबते. म्हणूनच शोषखड्डा मुरमापर्यंत नेला नाही, तर तो नुसता भरून राहतो. शिवाय आपल्याकडे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात होतो आणि नालेसफाई मे महिन्यात. मधल्या काळात गाळ व प्लॅस्टिक पुन्हा साचते. सफाईची दुसरी फेरी ऑगस्टअखेर व्हावी, ही माझी सर्वांत स्वस्त आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी शिफारस आहे.

अभियंत्यांसाठी अंदाजपत्रक करताना हाताशी ठेवता येईल असा दोन पानी तक्ता करावा, असा विचार आहे. महापालिकेत किंवा सार्वजनिक बांधकाम विभागात काम केलेल्यांनी कृपया सांगावे : त्यात केवळ क्षेत्रफळानुसार गटाराचे माप द्यावे, की आकडेमोडही दाखवावी? आणि तो कोणत्या टप्प्यावर हाती पडला तर खरोखर वापरला जातो?

रहिवाशांच्या बाबतीत अडचण अधिक नाजूक आहे. ‘पाच वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ म्हटले की, यंदा येऊन गेला म्हणजे आता चार वर्षे निश्चिंत, असा समज होतो. प्रत्यक्षात तशा पावसाची शक्यता दरवर्षी २० टक्केच असते, मागील वर्षी काहीही झालेले असो. हे वस्तीच्या बैठकीत समजावण्याची साधी रीत कोणाकडे आहे का? या भागात तेलुगू बोलणारी कुटुंबे बरीच असल्याने केवळ मराठी पत्रक अपुरे पडेल, असेही वाटते.

पाणी कोठे साचते याचा गल्लीनिहाय नकाशा माझ्याकडे तयार आहे. तो लोकांना दाखवणे मी कर्तव्य मानतो. परंतु त्यामुळे एखाद्याच्या घराची किंमत पडली तर त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. असा नकाशा कोणी जाहीर केला असल्यास, घरे दाखवली की केवळ रस्ते, आणि आधी रहिवाशांशी बोलणे कसे केले, हे सविस्तर कळवावे.