मदत हवी आहे: फुकट स्कॅन, मग पैशांचा तगादा

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. परवा अण्णांच्या लॅपटॉपवर लाल चौकट आली, '३१७ धोके सापडले'. घाबरून त्यांनी २,४९९ रुपये भरून स्पायवेअर (गुपचूप माहिती चोरणारे प्रोग्राम) काढायचं सॉफ्टवेअर घेतलं.

नंतर मी यादी उघडली तर ते 'धोके' म्हणजे ब्राउझरच्या साध्या कुकीज, म्हणजे वेबसाइट्स ठेवतात त्या छोट्या फाइली! एकेक सुटी मोजलेली, प्रत्येकीपुढे लाल कवटी. शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे हिशेब चोरीला गेले या धास्तीने अण्णा दोन रात्री झोपले नाहीत. याचाच जास्त संताप येतोय.

अमेरिकेत ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि सपोर्ट डॉट कॉम ही टेक सपोर्ट कंपनी, यांच्यावर असाच आरोप झाला होता. 'कॉम्प्युटर स्लो आहे' यावर टिक केली की स्कॅनचा निकाल ठरलेलाच. २०१९ मध्ये दोघांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं.

यूपीआय ऑटोपे मी लगेच बंद केला. आता पैसे परत मिळवायला आधी १९१५ ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू, की सायबरच्या १९३० वर? कुणाला परत मिळालेत का? आणि विंडोजमध्ये आधीपासून असलेला डिफेंडर अँटीव्हायरस दुकानाला पुरेल ना? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.