विषय: १२ एप्रिल, पार्लमेंट आणि आपण

प्रेषक: विनायक, हॅरो
मंगळवार, २ एप्रिल २०१९, सकाळी

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या जेवणाचे मेल चालू असताना मध्येच हा विषय काढतोय, पण राहवत नाही. ब्रेक्झिट कसं करायचं, म्हणजे युरोपीय संघातून कसं बाहेर पडायचं, यावर काल रात्री पार्लमेंटमध्ये पुन्हा चार ठराव मतदानाला आले आणि चारही पडले. गेल्या बुधवारी आठ आले होते, तेही सगळे पडले. २९ मार्चला आपण बाहेर पडणार होतो. ती तारीख गेली, आता १२ एप्रिल, आणि तीही पुढे जाणार अशीच लक्षणं दिसताहेत.

मी २०१६ च्या सार्वमतात लीव्हला, म्हणजे बाहेर पडायला, मत दिलं, हे इथे अनेकांना माहीत आहे. का दिलं तेही सांगतो. माझा भाचा इथे इंजिनियर आहे. त्याला कायम राहण्याच्या अर्जाला २,३८९ पौंड मोजावे लागणार. जानेवारीपासून आरोग्य अधिभार वर्षाला २०० चा ४०० पौंड झालाय. गेल्या वर्षी व्हिसाचा कोटा भरला म्हणून भारतातल्या डॉक्टरांना नोकरी मिळूनही परवाने नाकारले जात होते. युरोपातून येणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. माझा राग त्या माणसांवर नाही. एकाच देशात शिरायला दोन रांगा का, एवढंच मी तेव्हा विचारत होतो आणि आजही विचारतो.

१ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडा म्हणून सांगितलं. त्यानंतर याच सभागृहाने फेब्रुवारी २०१७ मध्ये कलम ५० च्या, म्हणजे बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करायच्या, विधेयकाला ४९८ विरुद्ध ११४ मतांनी पाठिंबा दिला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत हुजूर आणि मजूर, दोन्ही पक्षांनी सार्वमताचा निकाल मानू असं लिहून दिलं. या दोन पक्षांना मिळून ८० टक्क्यांहून जास्त मतं पडली. एवढं झाल्यावर आता हे लोक रोज रात्री नाही, नाही म्हणत बसलेत. लोकांनी दिलेला शब्द सभागृह पाळत नसेल, तर उद्या कुठल्याही मताला काय अर्थ राहील? माझं मत स्पष्ट आहे: बाहेर पडण्याच्या अटींचं युरोपशी डील होवो न होवो, १२ तारखेला बाहेर पडावं. थोडे महिने त्रास होईल, मग घडी बसेल.

विनायक


प्रेषक: सुमेधा, स्विंडन
मंगळवार, २ एप्रिल २०१९, रात्री उशिरा

विनायककाका, नमस्कार.

दोन रांगांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटतं. तो अन्याय आहे, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्याच कारणासाठी लीव्हला मत दिलं. मी रिमेनला, म्हणजे राहण्याला दिलं, तरी तुमच्या कारणाचा मला आदर आहे. पण खासदार शब्द पाळत नाहीत, हे मात्र मला मान्य नाही. नेमका कुठला शब्द, हे एकदा बघू या.

२३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता: युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. कस्टम्स युनियनचा (एकच जकात क्षेत्र) तिथे उल्लेख नव्हता, सिंगल मार्केटचा (एकच बाजारपेठ, एकच नियम) नव्हता, आयर्लंडच्या सीमेचाही नव्हता. ५२ टक्के लोकांनी बाहेर म्हटलं, ४८ टक्क्यांनी राहा म्हटलं. त्या ५२ टक्क्यांत नॉर्वेसारखं संघाबाहेर पण सिंगल मार्केटमध्ये राहू म्हणणारे होते, सगळे धागे तोडा म्हणणारे होते, आणि तुमच्यासारखे भारतीयांना न्याय मिळावा म्हणणारेही होते. कुठे जायचं हे कुणी विचारलंच नाही. तो न विचारलेला प्रश्न आता सभागृहात सोडवावा लागतोय, आणि तिथे उत्तरं अनेक आहेत.

पंतप्रधान थेरेसा मे यांचं डील बघा. १५ जानेवारीला ४३२ विरुद्ध २०२ असं पडलं. आधुनिक काळात कुठल्याही सरकारचा सभागृहात एवढा मोठा पराभव झालेला नाही. १२ मार्चला ३९१ विरुद्ध २४२. परवाच्या शुक्रवारी, २९ मार्चला, ३४४ विरुद्ध २८६. मे कमी कमी फरकाने हरत गेल्या, पण हरल्याच. आता शुक्रवारी नाहीच्या लॉबीतून कोण कोण चालत गेलं ते आठवा. डील फारच मिळमिळीत म्हणणारे कट्टर ब्रेक्झिटवाले गेले. बॅकस्टॉप (आयर्लंडच्या सीमेची तरतूद, खाली लिहिते) नको म्हणणारे डीयूपी या उत्तर आयर्लंडमधल्या पक्षाचे दहाजण गेले. दुसरं सार्वमत हवं म्हणणारेही त्याच दारातून गेले. पुढच्या पायरीबद्दल यांचं कशावरही एकमत नाही. प्रत्येकाला वाटतं, हे पडलं की माझं येईल.

बॅकस्टॉपचं लिहिते, कारण लिस्टवरच्या ज्येष्ठ मंडळींनी मागे विचारलं होतं. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यामधली सीमा साधारण पाचशे किलोमीटर आहे आणि दोनशेहून जास्त रस्ते ती ओलांडतात. १९९८ च्या शांतता करारानंतर तिथली लष्करी तपासणी नाकी आणि चौक्या गेल्या. ब्रिटन कस्टम्सच्या बाहेर पडलं तर मालाची तपासणी कुठेतरी करावीच लागणार. ती सीमेवर होऊ नये म्हणून, दुसरी व्यवस्था सापडेपर्यंत अख्खं ब्रिटन युरोपशी एकाच जकात क्षेत्रात राहील आणि उत्तर आयर्लंड आणखी काही नियम पाळेल, अशी ती तरतूद आहे. त्यातून ब्रिटनला एकट्याच्या निर्णयाने बाहेर पडता येत नाही, हाच आक्षेप.

इथे एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. उत्तर आयर्लंडमध्ये ५६ टक्के लोकांनी रिमेनला मत दिलं होतं. तिथल्या १८ जागांपैकी १० डीयूपीकडे आहेत, एक अपक्ष बाई आहेत, आणि उरलेल्या ७ शिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षाच्या. शिन फेनचे खासदार वेस्टमिन्स्टरमध्ये कधीच बसत नाहीत, तसा त्यांचा जुना पवित्रा आहे. त्यामुळे ज्या भागावर या सगळ्याचा सर्वात थेट परिणाम होणार, त्याचा आवाज म्हणून सभागृहात जवळजवळ फक्त डीयूपीच ऐकू येते. आणि २०१७ च्या निवडणुकीत मे यांचं बहुमत गेल्यापासून सरकार त्याच दहा जणांच्या पाठिंब्यावर उभं आहे.

आता कालचं. कस्टम्स युनियनचा ठराव २७३ विरुद्ध २७६, म्हणजे तीन मतांनी पडला. कुठल्याही डीलवर लोकांचं मत घ्या, हा ठराव २८० विरुद्ध २९२. होकार याला जास्त मिळाले, पण नकारही जास्त. मंत्रिमंडळाला तर मतच द्यायचं नव्हतं. दुसऱ्या सार्वमताच्या बाजूचे काही खासदार कस्टम्स युनियनला मिळाले असते, तर ती काल पास झाली असती. त्यांना आपला पहिला पर्याय सोडवला नाही. निक बोल्स यांनी सिंगल मार्केटमध्ये राहण्याचा ठराव मांडला होता, तो पडल्यावर ते तिथेच उभे राहिले, माझा पक्ष तडजोडीला तयार नाही म्हणाले आणि हुजूर पक्ष सोडून सभागृहातून निघून गेले. ते दृश्य बघून मला फार वाईट वाटलं. दोन्ही बाजूंना चालेल असं काहीतरी शोधणारा माणूस आज कुठल्याच बाकावर बसू शकत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पर्याय एकेक करून हो-नाहीला टाकले तर प्रत्येक पर्याय पडणारच, कारण उरलेले सगळे त्याच्या विरोधात एक होतात. खासदारांना पसंतीक्रम लावायला सांगायला हवं होतं: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. तेही दोन वर्षांपूर्वी, कलम ५० लावण्याआधी. आधी घड्याळ चालू केलं आणि मग कुठे जायचं यावर भांडायला बसलो.

आज सात तास मंत्रिमंडळाची बैठक झाली, आणि संध्याकाळी मे यांनी जाहीर केलं की त्या मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन यांच्याशी बोलणार. हेच जून २०१७ मध्ये व्हायला हवं होतं.

आणि काका, डील न होता बाहेर पडलो तर "थोडे महिने त्रास" कुणाला होईल? आमच्या गावातले गोवेकर या लिस्टवर आहेत. त्यांनीच सांगावं.

सुमेधा


प्रेषक: दयानंद, स्विंडन
बुधवार, ३ एप्रिल २०१९, दुपारी

नमस्कार सर्वांना,

मी एरवी लिस्टवर लिहीत नाही. सुमेधाताईंनी नाव काढलं म्हणून लिहितो.

आम्ही मूळचे पेडण्याचे, गोवा. आजोबा पोर्तुगीज काळातले, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेले, त्यामुळे आम्हा भावंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. त्याच पासपोर्टवर मी इथे वेअरहाउसमध्ये कामाला आलो. बायकोचा पासपोर्ट भारतीय आहे. २०१६ ला सार्वमत झालं तेव्हा विनायककाकांनी मत दिलं, सुमेधाताईंनीही दिलं, कारण भारत कॉमनवेल्थमध्ये आहे आणि इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकाला मत होतं. मला नव्हतं. ज्याचं इथलं राहणं त्या मतावर ठरणार होतं, त्यालाच विचारलं नाही. मी कुणावर रागावून लिहीत नाही, जसं आहे तसं सांगतो.

सेटल्ड स्टेटसचा, म्हणजे युरोपीय नागरिकांनी इथे कायम राहण्याचा, अर्ज मी रविवारी भरला. ३० मार्चपासून त्याला फी नाही, आधी ६५ पौंड होती. पासपोर्ट तपासायचं ॲप फक्त अँड्रॉइडवर चालतं, माझा आयफोन, म्हणून शेजाऱ्याचा फोन आणला. पासपोर्ट मिटून त्यावर फोनची पाठ टेकवून धरायची आणि आतली चिप लागेपर्यंत हळूहळू सरकवत राहायचं. हात हलला की परत पहिल्यापासून. मग चेहऱ्याचा फोटो. मग नॅशनल इन्शुरन्स नंबर टाकला की पाच वर्षांचं काम त्यांच्या नोंदीतून दिसतं. मला सहा वर्षं झाली म्हणून माझं सोपं. ज्यांना पाच पूर्ण नाहीत त्यांना प्री-सेटल्ड मिळतं आणि नंतर परत अर्ज करावा लागतो. बायकोचा वेगळा अर्ज, मुलाचा वेगळा.

आमच्याकडे बरेच जण अजून थांबलेत. म्हणतात, पार्लमेंटचं ठरू दे, मग बघू. त्यात होंडाने फेब्रुवारीत २०२१ ला कारखाना बंद करणार म्हणून सांगितलं, साडेतीन हजार नोकऱ्या. कंपनी म्हणते ब्रेक्झिटचा संबंध नाही. पण घरात बसून माणूस सगळं एकत्रच मोजतो ना.

दयानंद


प्रेषक: विनायक, हॅरो
गुरुवार, ४ एप्रिल २०१९, सकाळी

दयानंद, बरं झालं लिहिलंस. जे इथे राहताहेत, काम करताहेत, त्यांचा हक्क डीलवर अवलंबून ठेवायलाच नको होता. पहिल्या दिवशी कायदा करून देऊन टाकायला हवा होता. हे मी लीव्हवाला म्हणूनच म्हणतो.

सुमेधा, पसंतीक्रमाचं तुझं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. पण काल रात्री जे झालं ते मला मुळीच आवडलं नाही. सरकारला बाजूला सारून एका दिवसात विधेयक आणायचं आणि एका मताने पास करायचं, याला मी लोकशाही म्हणणार नाही. आणि मुदत वाढवून मिळाली तरी पुढे काय? हेच सहाशे पन्नास जण, हीच भांडणं. माझं १२ तारखेचं मत कायम आहे.

विनायक


प्रेषक: सुमेधा, स्विंडन
गुरुवार, ४ एप्रिल २०१९, दुपारी

काका,

एका दिवसात विधेयक, हे मलाही खटकतं. पण काल झालेल्या मतदानांपैकी दोन सांगते. सोमवारी पुन्हा पर्यायांवर मतदान घ्यावं का, या दुरुस्तीला ३१० विरुद्ध ३१० मतं पडली. १९९३ नंतर पहिल्यांदाच बरोबरी झाली. स्पीकर बर्को यांनी परंपरेप्रमाणे नाहीच्या बाजूने मत टाकलं, कारण सभागृहात नसलेलं बहुमत स्पीकरने तयार करायचं नसतं. आणि रात्री उशिरा मजूर पक्षाच्या खासदार इव्हेट कूपर यांचं विधेयक ३१३ विरुद्ध ३१२ ने पास झालं. पंतप्रधानांनी मुदतवाढ मागावी, एवढंच त्यात आहे. एका बाजूला बरोबरी, दुसऱ्या बाजूला एक मत. देश मधोमध चिरलेला आहे आणि सभागृह तसंच दिसतंय. तिथे खोट काढण्यापेक्षा मला त्यात २०१६ चाच निकाल दिसतो.

मुदत वाढल्यावर पुढे काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. कॉर्बिन यांच्याशी बोलणी करून कस्टम्स युनियनवर तडजोड झाली तर ठीक. नाही तर पुन्हा लोकांकडे जावंच लागेल, सार्वमत म्हणून किंवा निवडणूक म्हणून. यातलं काहीच न करता नुसती तारीख ढकलली, तर मीही तुमच्याइतकीच चिडेन.

तुम्ही दयानंदला लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, कारण या सगळ्या महिन्यांत ज्या मोजक्या गोष्टींवर सभागृह भांडलं नाही, त्यात ही एक आहे. २७ फेब्रुवारीला अल्बर्टो कोस्टा या हुजूर पक्षाच्या खासदारांची दुरुस्ती मतदान न घेता मंजूर झाली: डील होवो न होवो, नागरिकांचे हक्क वेगळे काढून सुरक्षित करा. रिमेनवाले, लीव्हवाले, सगळे तयार होते. त्यासाठी युरोपीय संघाशी वेगळा करार लागतो, तो अजून झालेला नाही. म्हणून डीलशिवाय बाहेर पडलो तर अर्जाची मुदत ३१ डिसेंबर २०२०, आणि डील झालं तर ३० जून २०२१. तारखा अशा हलत असताना पार्लमेंटचं ठरेपर्यंत थांबणं मला धोक्याचं वाटतं.

तर मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती: शनिवारी पाडव्याला हॉलच्या मागच्या बाजूला एक टेबल द्या. ज्यांच्याकडे जरा नवा अँड्रॉइड फोन आहे त्यांनी तो चार्ज करून आणावा. ज्यांना अर्ज भरायचाय त्यांनी पासपोर्ट, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि कुटुंबातल्या भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपलं बायोमेट्रिक कार्ड आणावं. दयानंद, तुम्ही टेबलावर बसाल का? चिप कशी लावायची हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही.

आणि आपल्यातले भारतीय पासपोर्टवाले, ज्यांना इथे मत आहे, त्यांनी आपापल्या खासदाराला कोस्टा दुरुस्तीचं काय झालं ते विचारणारं पत्र लिहावं. काका, मसुदा तुम्ही कराल का? लीव्हवाल्याच्या हातचं पत्र हुजूर खासदार जास्त लक्ष देऊन वाचतील.

सुमेधा


प्रेषक: विनायक, हॅरो
गुरुवार, ४ एप्रिल २०१९, संध्याकाळी

करतो. उद्या रात्रीपर्यंत लिस्टवर टाकतो. भारतीयांच्या व्हिसा फीबद्दलही त्यात एक परिच्छेद घालणार, त्याला कुणी हरकत घेऊ नये.

विनायक